मांडणी आणि शोकेस

मराठीत ‘मांडणी’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकलेली, ताटे-वाट्या-डबे ठेवण्याची लोखंडी किंवा स्टीलची चौकट ही मांडणी. आणि वस्तू, आकडे किंवा विचार यांचे परस्परांशी असलेले नाते दिसेल अशा रीतीने ते समोर ठेवणे, हीसुद्धा मांडणीच. पूजा मांडतात, पट मांडतात, हिशेब मांडतात, भातुकली मांडतात आणि संसारही मांडतात. ‘ठेवणे’ या क्रियापदात वस्तू केवळ एका जागी जाते, तर ‘मांडणे’ म्हटले की ती दिसावी, ओळखू यावी आणि हाताला लागावी असा हेतू त्यात येतो. कुटुंबाच्या घरातील रोजच्या वस्तू देखण्या रीतीने कशा लावाव्यात, या प्रश्नाचा विचार करताना हा भेद उपयोगी पडतो. कारण गेल्या पन्नास-साठ वर्षांत शहरी मराठी घरांत झालेला बदल थोडक्यात सांगायचा तर तो असा, की वापराच्या वस्तू नुसत्या ठेवल्या जाऊ लागल्या आणि न वापरण्याच्या वस्तू मांडल्या जाऊ लागल्या.

जुन्या वाड्याची किंवा गावाकडच्या मातीच्या घराची भिंत हा नुसता आडोसा नव्हता, तर सामान ठेवण्याची ती पहिली सोय होती. माती-दगडाची भिंत वरचा भार पेलण्यासाठी दीड-दोन फूट, कधी त्याहूनही जाड असे, आणि एवढ्या जाडीत वीतभर खोल पोकळी सोडली तरी भिंतीचे काही बिघडत नसे. ही पोकळी म्हणजे कोनाडा. त्याला दारे लावून आत फळ्या बसवल्या की ते फडताळ होई, आणि पणतीपुरती लहान पोकळी ठेवली की तिला दिवळी म्हणत. कोनाड्याचा खरा गुण त्याच्या उथळपणात होता. वीतभर खोलीत वस्तूंची एकच रांग बसते, त्यामुळे पुढच्या वस्तूमागे दुसरी दडत नाही, आणि जे आहे ते सगळे एका नजरेत दिसते. शिवाय कोनाड्याभोवती चुन्याची किंवा गेरूची पट्टी ओढण्याची पद्धत अनेक घरांत असल्याने आत ठेवलेला तांब्या किंवा पानाचा डबा मुद्दाम चौकटीत बसवल्यासारखा उठून दिसे. सजावटीसाठी वेगळे काही करावे लागत नसे.

भिंतीखेरीज छताच्या तुळया आणि कोपरेही कामाला येत. खुंटीवर पगडी, उपरणे, कंदील. आडव्या बांधलेल्या वलणीवर, म्हणजे कपडे टाकण्याच्या काठीवर, धुतलेले सोवळे. आणि तुळईला टांगलेल्या शिंक्यात दूध, दही, लोणी. शिंके हे दोरीचे विणलेले जाळे असते. त्यात मडके हवेत लोंबकळत राहत असल्याने मांजरापासून आणि लहान मुलांच्या हातांपासून ते सुरक्षित राहते आणि भोवती वारा खेळत असल्याने आतले पदार्थ लवकर उतरत नाहीत. कोपऱ्यात उतरंड रचलेली असे. सर्वांत मोठे मडके तळाशी, त्याच्या तोंडावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, अशी ही चळत माणसाच्या उंचीपर्यंत जाई. डाळी, कडधान्ये, बियाणे त्यात राहत आणि प्रत्येक मडके खालच्या मडक्याचे झाकण होई. झाकणांचा वेगळा खर्च नाही, जमिनीची जागा एका मडक्याएवढीच, आणि वर निमुळता होत जाणारा आकार डोळ्याला देवळाच्या शिखरासारखा स्थिर वाटणारा. तळातले मडके काढायचे तर सगळी उतरंड उतरवावी लागते, ही तिची अडचण. पण त्यामुळेच रोज लागणारे वर आणि वर्षाकाठी लागणारे खाली, हा क्रम घरातल्या सर्वांना न सांगता समजे.

हे सारे नाहीसे होण्याचे कारण अनेकदा ‘बदललेली आवडनिवड’ असे सांगितले जाते, परंतु त्यामागे बांधकामाचे साधे शास्त्र आहे. आर.सी.सी. म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या बांधकामात इमारतीचा भार खांब आणि तुळया पेलतात; भिंतीवर तो नसतोच, म्हणून दोन खोल्यांमधली भिंत अर्ध्या विटेची, साडेचार इंचांची, बांधली तरी चालते. जागेचा भाव चौरस फुटावर ठरू लागल्यावर जाड भिंत परवडणारही नव्हती. साडेचार इंचांच्या भिंतीत कोनाडा काढता येत नाही. साहजिकच जे सामान भिंतीच्या पोटात राहत होते ते खोलीत आले आणि त्याच्यासाठी कपाट घ्यावे लागले. कपाट दीड-दोन फूट खोल असल्याने त्यात वस्तूंच्या तीन-तीन रांगा लागल्या, आणि मागच्या रांगेत काय आहे हे दिवाळीच्या साफसफाईपर्यंत कुणालाही आठवेनासे झाले. घरातल्या पसाऱ्याचा दोष सहसा गृहिणीच्या माथी मारला जातो. त्यातला मोठा वाटा भिंतीच्या जाडीचा आणि फळीच्या खोलीचा आहे, हे लक्षात घेतले जात नाही.

जुने घर आणि आजचा फ्लॅट यांच्या मधला टप्पा चाळीचा. मुंबईत १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती, आणि तेवढ्यात स्वयंपाक, झोप, अभ्यास, देवपूजा आणि पाहुणा या सर्वांची सोय करायची होती. चाळीतल्या संसाराने यासाठी जी उत्तरे शोधली त्यांचा आजच्या गृहसजावटीच्या पुस्तकांत उल्लेख नसतो, पण ती तोडीस तोड आहेत. खाटेचे पाय विटांवर चढवून तिच्याखाली ट्रंका आणि धान्याचे डबे सरकवणे, डोक्यावर पोटमाळा काढून त्यावर अंथरुणे आणि पापड-कुरडयांचे डबे ठेवणे, दारामागे खुंट्यांची पट्टी ठोकणे, पाट भिंतीशी उभे करून ठेवणे; आणि या सर्वांवर कळस म्हणजे समोरच्या भिंतीवरची, बाहेरून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसणारी, लखलखीत भांड्यांची मांडणी.

ही मांडणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. चौकट साधी, चार-पाच खणांची. सर्वांत वरच्या खणात पोहे, रवा, साखर, बेसन यांचे स्टीलचे डबे डावीकडून उजवीकडे उतरत्या उंचीने, बहुतेक एकाच घडणीचे. त्याखाली ताटाळे, म्हणजे ताटे उभी राहतील अशा खाचांची रांग. ताटे उभी असल्याने त्यांच्यातले पाणी निथळते आणि त्यांची वर्तुळे एकामागे एक थोडी थोडी दिसत राहतात. त्याखाली वाट्या एकात एक पालथ्या, पेले उलटे, कपांसाठी आकड्यांची पट्टी. कडेला चमचे, डाव, झारा, पळी, उलथने यांची जाळी. सर्वांत खाली पातेली, मोठे खाली आणि लहान आत. भांडी घासून, धुऊन ओली असतानाच मांडणीत जातात आणि तिथेच वाळतात, म्हणजे निथळणे आणि आवरणे ही दोन कामे एकाच हालचालीत होतात. कोणते भांडे बाहेर आहे हे रिकाम्या खाचेवरून कळते, आणि नव्या सुनेलाच काय, शेजारून विरजणाला वाटी मागायला आलेल्या मुलीलाही चमचा कुठे आहे हे विचारावे लागत नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर स्टीलवर त्याचे शंभर तुकडे होऊन खोलीत पसरतात, हा वरचा लाभ.

स्टेनलेस स्टील, म्हणजे क्रोमियमच्या मिश्रणामुळे न गंजणारे पोलाद, मराठी घरांत मोठ्या प्रमाणावर आले ते १९६०-७० च्या सुमारास. त्याआधी तांब्या-पितळेचे राज्य होते आणि त्याला कल्हईची जोड लागे. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. आंबट पदार्थाची त्यावर क्रिया होऊन तो कळकतो, म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, त्याला कल्हई म्हणतात. भांडे तापवून, नवसागराने त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करून, २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आत फिरवायचे, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. स्टीलने ही कटकट संपवली, चिंच आणि राखेने घासण्याची मेहनत कमी केली आणि दारावर येणाऱ्या बोहारणीच्या टोपलीतून ते घरोघर पोहोचले. जुने कपडे देऊन नवे भांडे घेण्याच्या या व्यवहाराचा घराच्या व्यवस्थेशी थेट संबंध होता: नवी वस्तू घरात आणायची तर जुनी बाहेर जाणे भाग होते, त्यामुळे आवक आणि जावक यांचा मेळ आपोआप राहत होता. आज तो मेळ तुटला आहे, आणि घरपोच येणाऱ्या खोक्यांच्या काळात पसारा वाढण्याचे हेही एक कारण आहे.

भांड्यांवर नावे घालण्याची पद्धतही याच काळातली, किंवा निदान या काळात ती सर्रास झाली. मालकाचे नाव, प्रसंग आणि तारीख कोरलेले भांडे कार्याच्या वेळी शेजारीपाजारी गेले तरी परत येते, हा तिचा मूळ हेतू. पण परिणाम असा झाला की प्रत्येक मांडणी ही त्या कुटुंबाची लिखित बखर बनली. मुंज, बारसे, वास्तुशांत, सेवानिवृत्ती हे सारे प्रसंग वाट्यांच्या बुडाशी आणि डब्यांच्या झाकणांवर तारखेसह सापडतात. घरातल्या वस्तूंना कौटुंबिक आठवणींचा स्पर्श असावा म्हणून हल्ली छायाचित्रांच्या चौकटी विकत घेऊन भिंतींवर लावल्या जातात. नाव कोरलेली परात त्यासाठी पुरेशी आहे.

मांडणीहूनही लहान, पण विचाराने तितकीच पक्की असलेली वस्तू म्हणजे मिसळणाचा डबा. पूर्वी तो लाकडी कप्प्यांचा असे, त्याला मिसळणाचे पाळे म्हणत. नंतर पितळेचा आणि मग स्टीलचा गोल डबा आला. मधोमध एक आणि भोवती सहा अशा सात वाट्या गोल डब्यात फारशी जागा वाया न घालवता बसतात. एका मापाची सहा वर्तुळे सातव्याभोवती अचूक बसतात, हे भूमितीतले सत्य कुणी मुद्दाम शिकवल्याशिवाय तांबटांना ठाऊक होते. मोहरी, जिरे, हळद, तिखट, मेथी, धणे-जिऱ्याची पूड आणि हिंग. क्रम घराघरात वेगळा, पण एका घरात तो वर्षानुवर्षे तोच, कारण तेल तापल्यावर फोडणीला वेळ नसतो आणि हात न पाहता योग्य वाटीत जावा लागतो. पिवळा, लाल, काळा, तपकिरी हे रंग एकमेकांशेजारी येतात आणि झाकण उघडताच चित्र दिसते, ते रंगसंगतीचा विचार न करता. उपयोगासाठी नेमका केलेला क्रम बहुधा देखणा असतो, याचा याहून चांगला पुरावा स्वयंपाकघरात मिळणार नाही.

वापर आणि हालचाल यांचा हिशेब करून स्वयंपाकघर रचण्याचा आधुनिक प्रयत्न युरोपात झाला तो १९२६ मध्ये, जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात. तिथल्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने आखलेले स्वयंपाकघर १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे प्रत्यक्षात बांधली गेली. पीठ, तांदूळ, साखर यांसाठी नावे लिहिलेले, उचलून सरळ ओतता येतील असे अ‍ॅल्युमिनियमचे कप्पे त्यात होते. पिठाचा कप्पा मात्र ओकच्या लाकडाचा होता, कारण त्या लाकडाने अळ्या दूर राहतात. गव्हात कडुलिंबाचा पाला घालणाऱ्या किंवा डाळीला एरंडेल चोळणाऱ्या घरांना ही युक्ती परकी वाटणार नाही. आज मराठी फ्लॅटमध्ये ओट्याखाली ज्या ‘ट्रॉल्या’ करून घेतल्या जातात, त्या सरकत्या जाळ्यांचे कूळ दूरवर या स्वयंपाकघराशी पोहोचते. पण ते आखले होते एकट्या बाईने काम करावे म्हणून. दोघीजणी तिथे उभ्या राहिल्या तर एकमेकींना धक्के बसत. सासू भाजी निवडते आहे, सून पोळ्या लाटते आहे आणि मुलगा पाण्याचा पेला शोधतो आहे, अशा घराला तो आराखडा जसाच्या तसा लागू पडत नाही. ट्रॉल्यांचा दुसरा दोष असा की बंद असताना त्या सगळ्या सारख्या दिसतात. ज्याने सामान लावले त्यालाच ते सापडते, आणि बाकीचे घर ‘वाटी कुठे आहे?’ असे विचारत राहते. ट्रॉल्या वाईट नाहीत. जड पातेली, कुकर आणि तेलाचे कॅन यांसाठी त्या उत्तमच, कारण खोल कप्प्यात हात घालून वाकण्याऐवजी कप्पाच बाहेर येतो. रोजची ताटे-वाट्या त्यांच्यात कोंडणे मात्र व्यर्थ आहे.

रोजच्या वस्तूला सौंदर्य असते आणि ते वापरातून येते, ही जाणीव भारतीयांना करून देण्याचे काम काही प्रमाणात परक्यांनी केले. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात, देशात पाहिलेल्या असंख्य सुंदर वस्तूंतून गौरवासाठी निवडली ती एखादी मूर्ती किंवा शालू नव्हे, तर तांब्या, म्हणजे लोटा. त्यात मावणारे पाणी, भरलेला व रिकामा असतानाचा तोल, हाताची पकड, ओतताना पडणारी धार, धातूची किंमत, घासण्याची सोय, असे कितीतरी प्रश्न पिढ्यानपिढ्यांनी त्या एका आकारात सोडवले आहेत, असे त्यांचे विवेचन होते. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात याच्याही आधी, १९२० च्या सुमारास, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती, पानाचे डबे, पाय घासण्याच्या वज्र्या अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली होती. बालपणीच निवर्तलेल्या मुलाच्या स्मरणार्थ ‘राजा’ हे नाव दिलेला हा संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला. पुण्यातील या संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, पण मांडलेल्या असतात त्यांतील सुमारे अडीच हजार. हा आकडा घरासाठीही बोलका आहे. जे जे आहे ते सगळे एकाच वेळी दाखवायचे नसते. थोडे बाहेर ठेवून बाकीचे ठेवणीत ठेवावे आणि सणावाराला अदलाबदल करावी, ही रीत ‘ठेवणीतले’ या शब्दाइतकी जुनी आहे.

आता शोकेसकडे वळायला हरकत नाही. बाहेरच्या खोलीत काचेच्या सरकत्या दारांचे हे कपाट आले आणि त्याच्यासोबत घरात एक नवा वर्ग निर्माण झाला, तो म्हणजे कधीच न वापरायच्या वस्तूंचा. लग्नात आलेला आणि खोक्यातून थेट काचेमागे गेलेला लेमन सेट, प्लास्टिकची फुले, सहलीहून आणलेले शिंपल्यांचे मोर, मुलाचे चषक, आणि ‘पाहुण्यांसाठी’ असलेल्या, पण पाहुणे आले तरी बाहेर न निघणाऱ्या कपबश्या. दुसरीकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटलेल्या वाणाचे प्लास्टिकचे डबे, दर वर्षी नव्या रंगाचे आणि नव्या मापाचे, स्वयंपाकघरात साचत गेले. घरात नेमके जे देखणे होते ते वापराबाहेर गेले आणि जे रोज डोळ्यांपुढे असते ते बेढब होत गेले. वस्तू सजवून मांडण्याची हौस मराठी घरांत नवी नाही. लग्नातले रुखवत आणि चैत्रगौरीची पायऱ्यापायऱ्यांची आरास ही तिचीच रूपे आहेत. पण रुखवतातली भांडी लग्नानंतर संसारात जात, आणि गौरीपुढचे लाडू-करंज्या आणि कैरीची डाळ हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातावर पडे. ती आरास तात्पुरती होती, म्हणून ती ताजी राही. शोकेस ही कायमची आरास आहे, आणि तिच्यावर धूळ बसते.

मग आजच्या घरात काय करता येईल? पहिली गोष्ट खोलीची, म्हणजे फळीच्या खोलीची. नवी फळी ठोकायची असेल तर ती एका डब्याच्या रुंदीची, सात-आठ इंचांची ठेवावी. साडेचार इंची भिंतीत कोनाडा काढता येत नसला तरी अशी उथळ फळी भिंतीबाहेर कोनाड्याचेच काम करते. असलेले कपाट खोल असेल तर मागच्या अर्ध्या भागात पायरीसारखी लाकडी पट्टी टाकून मागची रांग उंच करावी, म्हणजे चैत्रगौरीच्या आराशीचे तंत्र बारमाही वापरता येते. दुसरी गोष्ट उंचीची. रोज लागणारे खांद्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात, जड वस्तू त्याखाली, हलक्या आणि क्वचित लागणाऱ्या वर. घरात वृद्ध माणसे असतील तर माळ्यावर चढावे लागेल असे काहीही आठवड्याच्या कामाचे नसावे, आणि लहान मुलांचा पेला, ताटली, पाण्याची बाटली त्यांच्या हाताला पोहोचेल अशा खालच्या खणात असावी. ज्या मुलाला आपली वाटी स्वतः घेता येते त्याला ती परत ठेवताही येते. खुद्द ओट्याची उंचीही उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असली की पाठ वाकत नाही, पण ती घरातल्या कोणाच्या कोपराने मोजायची, हा प्रश्न बांधकाम व्यावसायिक क्वचितच विचारतो.

दिसण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक पडतो तो जातवारीने. पितळ पितळेशेजारी, चिनी माती चिनी मातीशेजारी, काच काचेशेजारी अशी सोयरीक जमवली की वस्तू त्याच असूनही गोंधळ कमी वाटतो, कारण डोळ्याला प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे वाचावी लागत नाही. रंगीबेरंगी प्लास्टिकचे डबे एकदम टाकून देणे परवडण्यासारखे नसेल तर ते बंद दाराआड न्यावेत आणि उघड्या फळीवर एकाच मापाच्या सात-आठ बरण्या ठेवाव्यात. त्या विकतच आणल्या पाहिजेत असे नाही, मुरांबा किंवा कॉफी संपलेल्या बाटल्याही एका घडणीच्या असल्या की शोभून दिसतात. काचेची बरणी पारदर्शक असल्याने डाळ किती उरली हे कळते, पण उजेडाने आणि उष्णतेने मसाल्यांचा वास उडतो आणि तिखटाचा रंग उतरतो, म्हणून गरम मसाला, तिखट, हळद यांच्या साठ्याला अपारदर्शक डबा आणि शेगडीपासून दूरची जागा हवी. मीठ धातूला खाते, त्याला चिनी मातीची बरणीच योग्य. लोणच्याचेही तेच, आणि बरणीच्या तोंडाला बांधलेला पांढरा दादरा, म्हणजे फडका, हाही त्या फळीची शोभा वाढवतो. प्रत्येक खणाचा काही भाग रिकामा राहू द्यावा. नव्वद टक्के मराठी घरांना हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती झाली तरी खोटे ठरणार नाही.

स्वयंपाकघराबाहेर एवढ्या तपशिलाची गरज नाही. दाराशी चपलांची उघडी फळी, तिच्यावर किल्ल्यांसाठी आकडे, कापडी पिशव्यांसाठी दोन खुंट्या आणि येणाऱ्या टपालासाठी एक लाकडी पेटी असली की बाहेरची खोली निम्मी आवरली जाते. पुस्तके उंचीने लावायची की विषयाने, यावर घरात वाद असेल तर विषयाने लावावीत. उंचीने लावलेली पुस्तके छान दिसतात, पण सापडत नाहीत. देवघरात तर मांडणीचा नियम आधीच ठरलेला असतो, आणि समई, निरांजन, ताम्हण, पळी, पंचपात्र या वस्तू रोज वापरून, रोज घासून, रोज त्याच जागी परत जात असल्याने घरातला हा दोन फुटी चौकोन बहुधा सर्वांत नीटनेटका असतो.

बहुतेक घरांच्या माळ्यावर, जुन्या साडीत गुंडाळलेले, आजीचे नाव कोरलेले एखादे पितळी पातेले, कळशी किंवा घंगाळ असतेच. येत्या दिवाळीच्या साफसफाईत ते मोडीत घालण्याआधी खाली काढावे, चिंच लावून घासावे आणि कल्हई करणारा मिळाल्यास त्यात वरण शिजवावे. तो न मिळाल्यास घंगाळात तुळस लावावी, पातेल्यात कांदे-बटाटे ठेवावेत आणि कळशीत छत्र्या उभ्या कराव्यात. शोकेसमधला लेमन सेटही त्याच दिवशी बाहेर काढून त्यातून सरबत द्यावे. फुटला तर फुटला.